मामाच्या खिशातलं फळ

माझा मामा लिफ्ट दुरुस्त करतो. नव्या बसवणारे वेगळे. ते स्वतःला फार ऐटबाज समजतात. मामाच्या वाट्याला येतात त्या कुरकुरणाऱ्या, मध्येच अडकणाऱ्या, मजल्याच्या चार बोटं खाली थांबून लोकांना ठेच लावणाऱ्या लिफ्ट. कंपनीत त्याला सगळे ‘खालीवर’ म्हणतात. “खालीवरला पाठवा” असा फोन आला की मामा निळा डगला चढवतो, हत्यारांची पिशवी खांद्याला लावतो आणि शीळ घालत निघतो.

गंमत म्हणजे या खालीवरची बायको, माझी मामी, जन्मात कधी लिफ्टमध्ये चढलेली नाही.

“दोरीला टांगलेल्या पेटीत मी नाही जायची,” ती म्हणते.

“अगं, त्या दोऱ्या मीच तपासतो,” मामा म्हणतो.

“म्हणूनच!”

नोकरी लागली तेव्हा मी त्यांच्याकडे राहायला आले. कामाची जागा त्यांच्या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ, आणि त्यांना मूलबाळ नाही, तेव्हा खोली रिकामीच होती. चार दिवस म्हणून आले आणि तिथलीच झाले. मामा-मामीचा संसार मी इतक्या जवळून पाहिलाय की त्यांच्या भांडणाचा पहिला शब्द ऐकून शेवटचा सांगू शकते.

मामा खाण्याचा शौकीन, पण अंगाने काडी पैलवान. “खाल्लेलं जातं कुठे?” असं मामी वर्षानुवर्षं विचारत असे. त्याचा जीव पावात. कोपऱ्यावरच्या बेकरीतला लांबट, कडक सालीचा पाव, आणि त्यातही टोकाचा तुकडा. तो तुकडा घरात दुसऱ्या कुणी खाल्ला तर मामा बोलायचा नाही, पण पावाकडे असा बघायचा की खाणाऱ्याच्या घशात घास अडकावा. जेवला की पोट फुगायचं. तोंड सतत आलेलं. संध्याकाळी जिने चढून आला की खुर्चीत बसायचा तो उठायचाच नाही. आम्ही म्हणायचो, कामाचा शीण. तो म्हणायचा, वयाचा. मामी म्हणायची, “वयाचा कसला? माझं वय काय माहेरी ठेवून आलेय मी?”

शेवटी तिनेच त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त तपासलं, मग नळी घालून आतड्याचा बारीकसा तुकडा तपासला. डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या. त्यांनी सांगितलं, “याला सीलिअॅक म्हणतात. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन असतं. ते पोटात गेलं की तुमचं शरीर स्वतःच्याच आतड्यावर उठतं. आतड्याचं अस्तर झिजलंय, म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही. याला गोळी नाही. ते खाणं थांबवायचं, एवढंच औषध.”

“थोडंसं चालेल?” मामाने विचारलं.

“नाही.”

“टोकाचा तुकडा?”

“टोकाचाही नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तो तुकडा म्हणजे काय हे त्यांना कळलं नसणार, पण मामाचा चेहरा बघून त्यांनी तोच शब्द वापरला. त्यासाठी मला त्या आवडल्या.

घरी आल्यावर मामीने पदर खोचला. पीठ शेजारणीकडे गेलं. बिस्किटं, नूडल्स, केकचं मिश्रण, सगळं गेलं. सॉसच्या बाटल्यांमागचं बारीक अक्षर तिने मला वाचायला लावलं, आणि दोन बाटल्यांत गहू निघाला तेव्हा ती अशी चिडली, जणू घरात भाडेकरू बनून चोर राहत होता. लाकडी पाट बदलला, सुरी बदलली, टोस्टर माळ्यावर गेला. घरात भात, बटाटे, अंडी, भाज्या, फळं. “मी पण हेच खाणार,” तिने जाहीर केलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तुझं तू बघ. पण चुरा घरात आणलास तर याद राख.”

अडचण होती ती कामावरच्या खाण्याची. मामाचं काम चालतं शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्ट ज्यातून ये-जा करते त्या उंच पोकळीत. बराच वेळ तो केबिनच्या टपावर उभा असतो. हात कोपरापर्यंत ग्रीसने माखलेले. तिथे भाताचा डबा उघडून बसता येत नाही. पूर्वी कागदात गुंडाळलेला पाव असायचा. कागद धरायचा आणि खायचा. आता काय?

उत्तर मामीलाच सापडलं. दुकानात फळांचे बार मिळतात, बोटभर रुंद, चकचकीत वेष्टनात. वेष्टनावर सफरचंदाची फोड, दोन जर्दाळू आणि मोठ्या अक्षरांत ‘अस्सल फळांचा’.

“फळात कुठून आला गहू?” मामी म्हणाली.

खरंच, कुठून येणार? मला पटलं, मामाला पटलं. मामी खोकेच्या खोके आणायला लागली. मामालाही बार आवडला. वेष्टन दातांनी फाडायचं, खालून कागदाने धरायचं, बोट न लावता खायचं. सकाळी एक, दुपारी एक, काम लांबलं तर आणखी एक. मामी रोज सकाळी ते त्याच्या डगल्याच्या खिशात स्वतःच्या हाताने घालायची आणि खिशावर हलकेच थाप मारायची. निघा, अशा अर्थाची.

सुरुवातीला त्याला बरं वाटलं. तोंड जरा निवळलं, पोटही हलकं झालं. आम्ही खूश. मग गाडी तिथेच अडली. दिवस गेले, आठवडे गेले, पण मामाच्या अंगावर मूठभर मांस चढेना. थकवा तसाच. पुन्हा पोट फुगायला लागलं.

आणि एक दिवस, कार्यालयाच्या एका उंच इमारतीत, केबिनच्या टपावर उभा असताना मामाला भोवळ आली. नशीब की लिफ्ट बंद होती आणि त्याचा जोडीदार शेजारीच होता. जोडीदाराने त्याला दंडाला धरून खाली बसवलं, हळूहळू बाहेर काढलं आणि पाणी पाजलं. घरी आल्यावर मामा म्हणाला, “काही नाही, जरा गरगरलं.” पण जोडीदाराने खरं काय ते वरिष्ठांच्या कानावर घातलं होतं. घातलं ते बरंच केलं. तब्येत सुधारेपर्यंत मामाला शाफ्टमध्ये उतरायला बंदी झाली आणि कोठारात बसवलं. कुणाला स्क्रू दे, कुणाला पट्टा दे, कुणाला बटणाची पाटी दे.

मामाची शीळ थांबली. हत्यारांची पिशवी घरी दारामागे खुंटीला लटकू लागली. येता-जाता तो तिच्याकडे बघायचा नाही, यावरूनच कळायचं की त्याचं लक्ष तिथेच आहे.

पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईंनी भुवया वर केल्या. “आकडा खाली यायला हवा होता. जेमतेम हललाय. कुठून तरी ग्लुटेन पोटात जातंय. बाहेर काही खाता का?”

“नाही,” मामा म्हणाला.

मामीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. बस्स, तेवढंच. पण परतीच्या वाटेवर दोघं चार हात अंतर ठेवून चालत होते आणि मी मध्ये, दोन गावांच्या सीमेवरच्या दगडासारखी.

दुसऱ्या दिवशी मामी बेकरीत जाऊन थडकली. मलाही बरोबर ओढलं. बेकरीवाली बाई गोल चेहऱ्याची, हातावर कायम पीठ.

“आमचे हे इथे येतात का?” मामीने सरळ विचारलं.

बेकरीवाली गडबडली. “येतात की. रोज संध्याकाळी येतात.”

मामीने माझा हात घट्ट धरला. “आणि काय घेतात?”

“काही नाही घेत. दारात उभे राहतात. ताजा पाव बाहेर निघाला की जरा वेळ वास घेतात, मला ‘छान झालाय हं’ म्हणतात आणि जातात.” मग ती जरा हळू आवाजात म्हणाली, “मला वाटलं, घरी सांगून येत असतील.”

मला तर रडूच आलं. पण संशयाचं भूत एकदा मानगुटीवर बसलं की पुरावाही त्याच्याच बाजूने साक्ष देतो. “वासाने कुणाचं रक्त बिघडत नाही,” मामी रस्त्यात म्हणाली. “ही सांभाळून घेतेय त्यांना.”

संध्याकाळी वाजलंच.

“तू बेकरीत गेली होतीस?” मामाने विचारलं. बेकरीवालीने त्याला सांगितलं असणार.

“गेले होते.”

“मी तुला खोटारडा वाटतो?”

“नाही,” मामी म्हणाली. “मला तुम्ही भुकेले वाटता.”

मामा उठला, ताटातला भात तसाच ठेवून आतल्या खोलीत गेला. त्यानंतर दोघांत अबोला. घरात टपाल वाहायचं काम माझ्याकडे आलं. “तुझ्या मामाला सांग, आंघोळीचं पाणी तापलंय.” “तुझ्या मामीला सांग, मला ऐकू येतं.” तरी रोज सकाळी मामी दोन बार मामाच्या खिशात घालायचीच. खिशावरची थाप तेवढी बंद होती. भांडण भांडणाच्या जागी, उपाशी राहायला कुणी सांगितलंय?

मग माझ्या सुट्टीच्या दिवशी ते घडलं. मामा कोठारात गेला होता. मामीने खुंटीवरची हत्यारांची पिशवी काढली, जमिनीवर जुनी चादर पसरली आणि पिशवी उलटी केली.

“मामी, काय करतेस?”

“शोधतेय.”

पाने, पेचकस, चाचणीचा दिवा, तेलकट चिंध्या, मोजपट्टी, सगळं खणखणत बाहेर आलं. मामी बेकरीचा तपकिरी कागद शोधत होती. एक कपटा, एखादा चुरा. तिने प्रत्येक कप्पा चाचपला. शेवटी बाजूचा कप्पा फुगलेला दिसला. तिने हात घातला आणि ओंजळभर वेष्टनं बाहेर काढली, सगळी नीट चौकोनी घड्या घातलेली.

ती फळांच्या बारांची होती. एकूण एक.

मामा शाफ्टमध्ये कधी काही टाकत नाही. एवढासा कागद दाराच्या खाचेत अडकला तरी दार मिटत नाही आणि लोक अडकून बसतात. म्हणून वेष्टन घडी करून पिशवीत. किती तरी दिवसांची साठली होती.

मामी चादरीवरच बसली. आधी तिच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काहीतरी आलं. “खरंच काही खाल्लं नाही गं त्यांनी,” ती म्हणाली. “मी दिलेलंच खाल्लं.” मग ती एकेक घडी उलगडून मांडीवर सपाट करू लागली. का, तिलाही सांगता आलं नसतं. कपड्यांच्या घड्या करणाऱ्या हातांना कधी कधी उलगडण्याचंही काम लागतं. एक वेष्टन पालथं पडलं होतं. मामीने ते डोळ्यांपासून लांब धरलं आणि एकेक शब्द सुटा करत वाचलं.

“सफरचंदाचा गर. जर्दाळू. खजूर. ओट्स.” ती थांबली. “जवाचं माल्ट.”

मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे.

“डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या? गहू...”

“गहू, जव आणि राय,” मी म्हणाले.

मी तिच्या हातातून वेष्टन घेतलं. खाली आणखी बारीक अक्षरांत होतं: गव्हाचे पदार्थ बनवणाऱ्या कारखान्यात तयार. सॉसची बाटली वाचली होती, मसाल्याची पुडी वाचली होती, अगदी दात घासायच्या पेस्टची नळीसुद्धा. हे एक वाचलं नव्हतं, कारण पुढच्या बाजूला फळ होतं आणि फळावर कोण संशय घेतो? काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं आम्ही बेकरीपर्यंत जाऊन आलो होतो.

“चल,” मामी म्हणाली.

“कुठे?”

“चल म्हटलं ना!”

हत्यारं चादरीवर तशीच पसरलेली. मामीने ते वेष्टन मुठीत धरलं आणि पायात चपला सरकवल्या. मामाच्या कंपनीचं कोठार चौथ्या मजल्यावर. खाली सहा माणसं मावतील अशी लखलखीत लिफ्ट दार उघडून उभी होती, पण मामीने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. जिना चढून वर पोचलो तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटेना. कठड्याला धरून ती नुसती धापा टाकत होती. मामाचे सहकारी धावले, कुणीतरी खुर्ची आणली. मामा फळीआडून आला आणि तिला बघून त्याचा रंगच उडाला.

“काय झालं? काय झालं गं?” त्याने मला विचारलं. अबोला कुठल्या कुठे गेला. “पाणी द्या! अगं बोल ना काहीतरी!”

मामीने मूठ उघडली.

“अहो... मी...” तिने दम घेतला. “चोर मीच आहे.”

मामाने खिशातून चष्मा काढला आणि वेष्टन वाचलं. सावकाश, वरपासून खालपर्यंत. मग पुन्हा वाचलं. सहकाऱ्यांना काय चाललंय ते कळत नव्हतं, पण नवरा-बायकोमध्ये काहीतरी चाललंय एवढं कळत होतं, आणि त्यामुळे कुणी हलायला तयार नव्हतं.

“चुकलं माझं,” मामी म्हणाली. मी तरी तिच्या तोंडून हे दोन शब्द पहिल्यांदाच ऐकत होते. “संशय तुमच्यावर घेतला आणि रोज सकाळी विष मी घालत होते खिशात.”

मामा तिच्यासमोर एका खोक्यावर बसला. “विष काय म्हणतेस? आणि एकटीचं कसं चुकलं? रोज दातांनी फाडलं मी. एकदा डोळ्यांनी बघितलं असतं तर?” मग तो जरा विचारात पडला. “पण एक सांगू?”

“काय?”

“आजारीच पडायचं होतं तर तो टोकाचा तुकडा खाऊन तरी पडलो असतो!”

मामीला हसू फुटलं आणि त्याच वेळी रडूही आलं. दोन्ही एकदम आवरताना तिला ठसका लागला, मग मामा तिच्या पाठीवर थोपटत राहिला. सहकारी हळूहळू पांगले. जोडीदार तेवढा जाता जाता म्हणाला, “वहिनी, उतरताना तरी लिफ्टने जा.”

“तुमच्या लिफ्टचं वेष्टन वाचल्याशिवाय नाही,” मामी नाक पुसत म्हणाली.

त्याच आठवड्यात आम्ही ते वेष्टन घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी ते वाचून मान हलवली. “हेच. जवाचं माल्ट गोडीसाठी घालतात, आणि ते रोज दोन-तीनदा पोटात जात होतं.”

“म्हणजे फळांचे बार बंद?” मामीने विचारलं.

“सगळे नाही. फळात ग्लुटेन नसतंच. सुका मेवा, बिया, खजूर यांत नसतं. प्रश्न फळाचा नाही, त्याला कशाने बांधलंय आणि कशाबरोबर मिसळलंय याचा आहे. काही बार नुसते फळांचे आणि दाण्यांचे असतात, ते चालतात. काहींत पीठ, माल्ट, कुरकुरीत दाणे असतात, ते नाही. ओट्स गव्हाच्याच यंत्रांतून जातात बऱ्याचदा, म्हणून ग्लुटेन-मुक्त लिहिलेले नसतील तर नकोत. आणि ते लिहिलेले असले तरी सध्या थांबा, आतडं बरं होऊ दे. पुढचं चित्र बघू नका, मागचं अक्षर वाचा. आणि वेष्टनावर ग्लुटेन-मुक्त असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर उत्तम.”

दुधाने तोंड पोळलेली मामी ताकाचं गोदाम फुंकायला निघाली. दुकानात ती फळीसमोर उभी राहून प्रत्येक बार पालथा करायची. मागे रांग खोळंबायची. एका गृहस्थांनी घसा खाकरला तर ती म्हणाली, “तुमच्याही हातात काय आहे ते एकदा वाचा,” आणि त्यांनी निमूटपणे वाचलं. एक बार सापडला, सगळ्या कसोट्यांना उतरलेला. मामाने खाऊन बघितला. “चांगला आहे,” तो म्हणाला. त्याचं ‘चांगला आहे’ म्हणजे काय ते आम्हा दोघींना माहीत होतं.

“मीच करते,” मामी म्हणाली.

पहिली खेप दगड झाली. खजूर, जर्दाळू आणि बदाम यांचं मिश्रण तिने इतकं आटवलं की सुरीचं पातं वाकलं. मामाने एक वडी हातात घेऊन तोलली आणि म्हणाला, “लिफ्टला उलट बाजूने वजन लावतात ना, तिथे चालेल.” दुसरी खेप कागदाला अशी चिकटली की मामाने वडी खाल्ली की कागद, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. मग मामीने भाजलेल्या तिळांचा थर खाली-वर लावला, सफरचंदाच्या सुकवलेल्या चकत्या बारीक करून घातल्या आणि वड्या जाड कागदात वेगवेगळ्या गुंडाळल्या. हे करताना भांडी वेगळी, पाट वेगळा, आणि स्वयंपाकघरात मला प्रवेश नाही, कारण मी दुपारी बाहेर सँडविच खाऊन आले होते.

तो बार जमला. मामा खात असताना मामी दाराला टेकून उभी होती. त्याने दुसरा घेतला.

बरं व्हायला वेळ लागला. पोट आधी शांत झालं, मग तोंड, मग रंग आला. पुढच्या तपासणीला आकडा चांगलाच उतरला होता, त्याच्या पुढच्या वेळी आणखी. डॉक्टरीणबाई मामाला म्हणाल्या, “आता चढा तुमच्या टपावर.” मामा वाळत गेला तेव्हा मामीने त्याच्या कमरेच्या पट्ट्याला पाडलेली जादा भोकं निकामी झाली. कामावर परत जायच्या सकाळी घरात पुन्हा शीळ ऐकू आली, तीही बेसूर, पण कुणी तक्रार केली नाही.

बदल झाला तो वेगळ्याच ठिकाणी. मामा फार भिडस्त होता. कुणी पुढ्यात काही ठेवलं की खायचा. नाही कसं म्हणायचं? आता तो विचारायला शिकलाय. मध्यंतरी एका सहाव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या आजींची लिफ्ट त्याने सुरू करून दिली. त्यांनी कौतुकाने बिस्किटांची बशी पुढे केली. मामाने हात जोडले आणि सगळं सांगितलं, आतड्यापासून माल्टपर्यंत. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं, बशी उचलून आत गेल्या आणि एक सफरचंद घेऊन आल्या. “याला मागची बाजू नाही रे बाबा,” म्हणाल्या, “खा निर्धास्त.”

रात्रीच्या जेवणाच्या वेळी मामा हे आम्हाला रंगवून सांगत होता. आजींचा आवाज काढून, हातातलं काल्पनिक सफरचंद फिरवून. मला फार गोड वाटलं ते. मामी भात वाढता वाढता थांबली.

“धुतलं होतं का?” तिने विचारलं.